पायऱ्यांमधला पक्षी

प्रिय बाब्या,

फोनवर अप्पांचं नाव निघालं की तुझ्या दाराची बेल नेमकी तेव्हाच वाजते, म्हणून हे पत्र. कागदाला बेल ऐकू येत नाही. थोरल्या बहिणीचं पत्र आहे, तेव्हा कडू औषधासारखं डोळे मिटून घे, पण पूर्ण घे.

पहिली बातमी अशी की अप्पा हल्ली घरात नसतात. म्हणजे देहानं बैठकीच्या खोलीतच असतात, पण राहतात हजारएक वर्षांपूर्वीच्या माया लोकांच्या एका नगरात. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयानं डोळ्यांवर चढवायचा तो चष्मा घेतला होता. चष्मा कसला, अर्धं शिरस्त्राणच ते! कानांवर गाद्या, हातांत दोन मुठी, आणि आत सगळं नगर जसंच्या तसं उभं केलेलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सुट्टीत घरी न्या हो, इथे त्याला कोण विचारतंय?" मी आणला, कारण डावा कान पुरता गेल्यापासून अप्पांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं, आणि उजवाही कुरकुर करू लागला होता. लोकांत बसलं की कोण काय म्हणालं ते कळत नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे मानहानी. जन्मभर वर्गात "पुन्हा सांगणार नाही" म्हणून दम भरलेल्या गणिताच्या मास्तरांनी "पुन्हा सांगता का?" म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

तर अप्पा तिथे रमले. जेवण झालं की नगर, चहा झाला की नगर. पिरॅमिड चढायचा म्हणून बैठकीत गुडघे वर उचलत चालतात. एकदा टेबलाला अडखळले आणि टेबलालाच म्हणाले, "दिसत नाही का?" मी विचारलं तर उत्तर तयार असतं: "त्या लोकांनी शून्य शोधलं होतं. शिंपल्यासारखं चिन्ह काढायचे. अभ्यास चालू आहे माझा." इतका अभ्यास तू दहावीला केला असतास तर... असो. अलं विस्तरेण.

पण मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. कानांवर गाद्या असल्या की अप्पा ओरडून बोलतात, त्यामुळे संवादाची त्यांची बाजू आख्ख्या मजल्याला कळते. आत कोणी वाटाड्या असतो, त्याला प्रश्न विचारता येतात आणि तो आधी मुद्रित केलेली ठरावीक उत्तरं देतो, एवढं मला ठाऊक होतं. "हा चुना कुठून आणायचे?" मग शांतता. "भिंती लाल का रंगवल्या?" पुन्हा शांतता. आणि मग, तितक्याच खणखणीत आवाजात, "बरं, तू जेवलास का?"

माझ्या हातातला डाव आमटीत पडला. कानापाठोपाठ बुद्धीनंही बिऱ्हाड हलवलं की काय! दोन-चार दिवस मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. वर्तमानपत्रातलं कोडं बरोबर सोडवत होते, माझ्या चुका काढत होते. म्हणजे बुद्धी जागेवर. मग जेवलास का, हे विचारत होते कोणाला?

एका दुपारी ते झोपल्यावर मीच शिरस्त्राण चढवलं. बाब्या, सुंदर केलंय रे. चित्रात आपण बघतो ते करडे पडके दगड नव्हेत. पांढराशुभ्र गिलावा केलेला भलाथोरला चौक, लालभडक पिरॅमिड, आणि माणूस म्हणून औषधालाही नाही. खाली पाहिलं तर मला पायच नव्हते. भूत झाल्यासारखी मी त्या चौकात उभी, तेवढ्यात उजव्या कानामागून कोणी म्हणालं, "या. पायऱ्या अरुंद आहेत, जपून चढा."

आवाज मी ओळखायच्या आधी तो श्वास ओळखला. वाक्याआधी तू घेतोस तो छोटासा श्वास. लहानपणी खोटं बोलण्याआधी घ्यायचास, तोच. आवाजाची कामं करतोस हे माहीत होतं; तू माया नगराचा वाटाड्या झालास हे मला कळायला मात्र पाय नाहीसे व्हावे लागले. अप्पांना ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. बोलले नाहीत. तुम्ही दोघंही न बोलण्यात पंडित. या आवाजाच्या कामांसाठी तू कायमची नोकरी सोडलीस, आणि आत्याच्या पाहुण्यांसमोर, भरल्या ताटावर, ते म्हणाले, "आमचा पोपट आता दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलून पोट भरणार." तू अर्धं ताट टाकून उठलास तो आजतागायत. तेव्हापासून तुमच्यामधलं टपालखातं मी चालवते, आणि दोन्हीकडून पत्रं येत नाहीत.

तू आत सांगतोस ना, पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवा, पायऱ्यांमधला पक्षी उत्तर देईल? मी वाजवली. पायऱ्यांमधून बारीक, चिरका, खरोखर पाखरासारखा प्रतिध्वनी आला आणि अंगावर काटा उभा राहिला. संध्याकाळी मी पाटीवर लिहून अप्पांना विचारलं (हल्ली मला पाटीवर लिहावं लागतं), पक्षी ऐकलात का? तर म्हणाले, "कसला पक्षी? टाळ्या वाजवून हात दुखले माझे. पक्षी घालायला विसरलेत ते लोक. अर्धवट काम!" आणि मग भिंतीकडे बघत, "सांगणारा मात्र नीट सांगतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. अशा कानांतून वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. पाखरं जातात, घंटा जाते, बायकांचे आवाज जातात. खर्जातले पुरुषी आवाज मागे राहतात, काही काळ. यंत्र लावून पाहिलं. त्यानं गलका मोठा होतो, शब्द सुटे होत नाहीत. गाद्यांमधून तुझा आवाज तेवढा थेट कानात शिरतो. म्हणजे बघ, औषधं देणारी, चष्मा शोधून देणारी, दिवसभर घसा फोडणारी मी या घरात मूकनाट्यातलं पात्र, आणि उंबरठाही न ओलांडणारा तू खणखणीत ऐकू येतोस. रागावणार होते. पण विनोद इतका चांगला जमलाय की राग टिकेना. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ उभी राहिले.

आता परवाचं. त्या नगरात चेंडूच्या खेळाचं लांबलचक मैदान आहे. तू सांगतोस की एका टोकाला कुजबुजलं तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जातं. अप्पा त्या मैदानात होते, म्हणजे आपल्या चपलांच्या कपाटाकडे तोंड करून उभे होते. आणि ते कुजबुजले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज ती. मला स्वयंपाकघरात शब्दन् शब्द आला. म्हणाले, "त्या दिवशी लोकांदेखत बोललो. बोलायला नको होतं. चाळीस वर्षं तीच प्रमेयं त्याच शब्दांत घोकून घेतली मी, पोपट कोण ते तूच ठरव. तू बोलतोस ते ऐकावंसं वाटतं रे. ये असं म्हणणार नाही. माझा तेवढा हक्क राहिला नाही." मग बराच वेळ कपाटासमोर तसेच उभे राहिले. उत्तराची वाट बघत असावेत. मग शिरस्त्राण काढून खुर्चीत बसले, आणि मी नेलेला चहा निवून गेला तरी त्यांनी हात लावला नाही.

त्यांना काय उत्तर मिळालं ते मला कळलं पाहिजे होतं. ते झोपल्यावर मी त्याच मैदानात गेले आणि तेच शब्द म्हटले. तू श्वास घेतलास आणि म्हणालास, "याविषयी अजून निश्चित पुरावा मिळालेला नाही. चला, पुढच्या चौकाकडे जाऊ."

म्हणून हे पत्र. ते तुझ्याशी बोलले, बाब्या, फक्त तू तिथे नव्हतास. हे तुला कधी सांगणार नाहीत. ऐकणारा ऐकत नाही याची खात्री होती म्हणूनच बोलू शकले. पुरावा हवा असेल तर आमच्या संस्कृतातल्या न्यायशास्त्रात विश्वासू माणसाचा शब्द हेही प्रमाण मानतात, आणि मी चुगल्या कितीही केल्या असतील, तुझ्याशी खोटं कधी बोलले नाही. उजव्या कानातला खर्जही आता उतरत चाललाय. डॉक्टरीणबाई मुदत सांगत नाहीत, विचारलं की कागद नीट लावू लागतात. माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण त्यांनी तुला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला देता येणार नाही. जेवलास की नाही, एवढं येऊन सांग. आलास की त्यांच्या उजव्या बाजूला बस.

तुझीच, आवाज गेलेली,
ताई