दोन दिवस बघूया

१८ नोव्हेंबर
मॉर्निंग ड्यूटी. वॉर्ड भरलेला. नवीन पेशंट आलाय म्हणून ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेलो, तर कॉटवर गोविंदकाका! आमच्या वाडीतले, घराला लागून घर. शुगर जुनी. कापणीच्या वेळी पायात काहीतरी घुसलं, हळद दाबून तसेच फिरत राहिले. उजवा अंगठा काळा पडलाय. दुखत नाही म्हणतात. तेच वाईट.
मला बघून एकदम खूश. शेजारच्या कॉटवाल्याला मोठ्याने, "ह्यो आमच्या वाडीतला. डाक्टर हाय हिकडं!"
हातात ट्रॉली. तरी मी नुसता हसलो. 'डॉक्टर नाही, ब्रदर आहे, नर्सिंग केलंय' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

१९ नोव्हें.
आज काकांनी चहावाल्यालाही सांगितलं. आजही गप्प.
चूक एकट्या काकांची नाही. बाबा मुंबईत सगळ्यांना सांगतात, मुलगा मेडिकल लाईनला आहे. मी वाडीत सांगतो, "हॉस्पिटलला असतो." पुढे कोणी विचारलंच तर विषय बदलतो. गेल्या शिमग्याला पोरांना कुठून तरी कळलं. "बायकांचं काम रे ता!" सगळे हसले. मी त्यांच्यापेक्षा जोरात हसलो.
संध्याकाळी मामाचा फोन. मिरजोळ्याला एका कंपनीत स्टोअरला माणूस हवाय. "बेडपॅन उचलण्यात जन्म घालवणार काय?" विचार करतो म्हटलं. खरं तर मन तेव्हाच तिकडे पोचलं होतं.

२० नोव्हें.
हे लिहू नये असं वाटतंय.
सकाळी ड्रेसिंग. वास होता, पण सूज कालपेक्षा कमी वाटली. काका म्हणाले, "तुजा हात हलका हाय रे." बरं वाटलं. नंतर राऊंडला डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, उद्याच. सही करा.
डॉक्टर पुढे गेल्यावर काकीने मला थांबवलं. "विनू, ह्यांचा अंगठा काढायचा बोलतायत. काय ता खरा सांग. काय करू?" काका कॉटवरून, "इचार, इचार आपल्या डाक्टरला!" आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.
'डॉक्टरांना विचारून सांगतो.' एवढंच म्हणायचं होतं. कोर्सच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं वाक्य. पण ते म्हटलं की मी कोण ते सगळ्यांना कळणार.
म्हणालो, "दोन दिवस बघूया. सूज उतरतेय."
'बघूया' म्हणालो. राऊंडला डॉक्टर म्हणतात तस्सं.

२१ नोव्हें.
सही केली नाही त्यांनी. डॉक्टर वैतागले, समजावलं, काका ऐकेनात. "दोन दिवस जाऊ देत." मी पलीकडच्या कॉटची चादर बदलत होतो. आधीच बदललेली चादर.
तेव्हाही बोलता आलं असतं.

२३ नोव्हें.
काल वीकली ऑफ होता. मांडवीला खोलीवर पडून राहिलो. समुद्रावर जाऊन आलो, करमेना.
आज ड्यूटीवर आलो तर काकांना सणकून ताप. लाली पायाच्या वरपर्यंत चढलेली. दुपारी ऑपरेशनला नेलं. अंगठ्यावर भागलं नाही. पुढचा अर्धा पंजा गेला.
काकी बाहेरच्या बाकड्यावर. मी लिफ्टने न जाता मागच्या जिन्याने उतरलो. तिच्यासमोरून जावं लागू नये म्हणून. हे माझं नर्सिंग.

२४ नोव्हें.
काका शुद्धीवर आहेत. अंगावरचं पांघरूण पायाकडून उचलू देत नाहीत.
वॉर्डच्या इन्चार्ज सावंत सिस्टर काकीला विचारत होत्या, "मावशी, डॉक्टर सांगत होते तेव्हा का थांबलात? कोणी काही सांगितलं होतं का?"
मी ट्रॉलीपाशी.
काकी म्हणाली, "नाय ओ. आमचाच ठरत नव्हता. झील मुंबईला, फोन लागत नव्हता."
माझ्याकडे बघितलंही नाही. मी सलाईनचा स्टँड पुसत राहिलो.
मुलाच्या फोनचं निमित्त सांगून माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी बोलू दिलं.

२५ नोव्हें.
काकीला कँटीनमध्ये गाठलं. चहा निवत चाललेला. म्हटलं, "काकी, माझं चुकलं. मी डॉक्टर नाही. मला सांगायचा अधिकारच नव्हता."
"ता म्हाईत हाय. तुझ्या आयशीन कवाच सांगितलान मला. ह्यांना आपली मिरवायची हौस."
"मग मला कशाला विचारलंस?"
"डाक्टर उभ्या उभ्या बघून जातत. पाय तू धुतस. मग इचारू कोणाला?"
निवलेला चहा एका घोटात संपवून वॉर्डला आलो.
मला वाटत होतं, मला डॉक्टर समजून विचारतायत, त्या फसवणुकीची मला लाज. तसं नव्हतंच. तिने नर्सलाच विचारलं होतं. आणि नर्सने...

२६ नोव्हें.
मामाचा पुन्हा फोन. माणूस लगेच हवाय त्यांना. तिथे माझ्या चुकीने गेलं तर खोकं जाईल, कुणाचा पाय जाणार नाही. मामाला हो म्हणणार होतो. मग वाटलं, ह्यातून पळायला हो म्हणतोय. मग वाटलं, पळणाऱ्याने इथे थांबावं तरी कशाला?

२७ नोव्हें.
सावंत सिस्टरांना सगळं सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं.
"पंजा तरीही गेला असता का?" मी विचारलं.
"गेला असता कदाचित. कदाचित नसताही. ते आता तुला कोणी सांगू शकणार नाही. मीही नाही." मग म्हणाल्या, "डॉक्टरांच्या कानावर मला घालावं लागेल. तोवर ड्रेसिंगला हात लावायचा नाहीस."
कामावरून काढतील का? माहीत नाही. काढलं तर मामाला कळवणं सोपं होईल, हा विचारही आला. त्याचीही लाज.

४ डिसेंबर
डॉक्टरांनी बोलावलं. ऐकून घेतलं, लेखी घेतलं. वर पाठवतो म्हणाले. अजून काही नाही. मी औषधं आणतो, पेशंट एक्स-रेला नेतो. काका आज घरी गेले. व्हीलचेअर मी ढकलली. गाडीत बसेपर्यंत काकांनी कोणालाही डॉक्टर म्हणून माझी ओळख करून दिली नाही.

७ डिसें.
काकीचा फोन. ड्रेसिंगला रोज रिक्षाने दवाखान्यात न्यावं लागतं, काका तयार होत नाहीत. "सुट्टीला येशील काय?" म्हटलं, विचारून सांगतो.
सिस्टरांना खरंच विचारलं. त्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला, मग म्हणाल्या, "जा. ड्रेसिंगचं सगळं सामान इथून स्टरिलाइज केलेलं घेऊन जा. पू दिसला, रंग बदलला तर तिथे कोणाला काही सांगायचं नाही. मला फोन."

९ डिसें.
गावी गेलो. काका ओटीवर. वाडीतली माणसं जमलेली, पोरंही होती, शिमग्याला हसलेली. मी बॅग उघडली तशी काकांनी चादर पायाभोवती घट्ट धरली. सगळ्यांकडे एकदा बघितलं, मान खाली.
म्हटलं, "जरा बाहेर थांबा सगळे. मी नर्स आहे, मला ड्रेसिंग करायचंय."
गेले. कोणी हसलं नाही, किंवा मी ऐकलं नाही.
काकीने पाणी गरम करून दिलं. जखम स्वच्छ. बांधून होईपर्यंत काका छपराकडे बघत होते. मग, "विनू, आता ह्याच्यात वहाण कशी रे राहायची?"
खास चप्पल बनवून मिळते असं ऐकलंय. कुठे, कशी, ते मला माहीत नाही. तसंच सांगितलं, "माहीत नाही काका. विचारून सांगतो."
काकांनी छपरावरची नजर काढून पायाकडे बघितलं. म्हणाले, "इचार."
परतीच्या एस.टी.त मामाचे मिस्ड कॉल बघितले. वरून अजून काही कळवलेलं नाही. उद्या मॉर्निंग ड्यूटी आहे.