सेलवाला कॅमेरा आणि काकूंचा कोपरा

५ सप्टेंबर
घेतला एकदाचा. डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा, हातानं फोकस लावायचा, वापरलेला, पुण्याच्या एका दुकानदाराकडून. बदल्यात लग्नांच्या कामाचे दोन्ही मोठे रोलवाले कॅमेरे देऊन टाकले. हे म्हणाले, "मोबाईलवर काय कमी निघतात फोटो?" उत्तर दिलं की भांडण, आणि आज मूड चांगलाय.
छोटा रोलवाला कॅमेरा कपाटात गेला. सोलापूरचा रोल धुणारा दुकान बंद करून बसला, पुण्याला पाठवलेला मागचा रोल डागाळून आला. किती दिवस रेटायचं.
काम एकच. शांताकाकू. माझी चुलती, पण आई गेल्यावर आईच. तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात भुईनळे भरतात, या दिवाळीचा माल भरून झाला की काम सोडणार. इतक्या वर्षांत त्यांचा कामावरचा एक फोटो धड आला नाही माझ्याच्यानं. शेड अंधारी, फ्लॅश चालत नाही, रोलवर नुसता काळोख. आमच्या अख्ख्या वाशी तालुक्यातल्या लग्नांचे अल्बम केले आणि घरच्या माणसाचा एक फोटो नाही. या वर्षी काढणार म्हणजे काढणार.

८ सप्टेंबर
डोक्यात किडे. बॅटरी ऐनवेळी उतरली तर? कार्ड बिघडलं तर? रोल निदान हातात धरता येतो. लेन्स काढताना आत धूळ गेली तर? आमच्या गावात धुळीला काय तोटा.
त्यात हा मागचा स्क्रीन. शेजारच्या म्हशीवर सराव केला. प्रत्येक फोटोनंतर मान खाली, आला का, कसा आला. मान वर करेपर्यंत म्हैस गोठ्यात. अगं बाई, फोटो काढतेस का आरशात बघतेस?
स्क्रीनवर काळी चिकटपट्टी मारली. बस आता.

१२ सप्टेंबर
फोकस लागत नाही. यात एका माणसाची दोन चित्रं दिसतात, रिंग फिरवून एकावर एक बसवायची. जुन्या कॅमेऱ्यात झोपेत जमायचं. यात ह्यांचा कान खणखणीत, डोळे सुटलेले, पुसट. लेन्स माझीच, जुनी. म्हणजे कॅमेराच खराब! दुकानदाराला फोन लावून चांगलं झापलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, एकदा डोळा तपासून घ्या."
काय आगाऊपणा!

१४ सप्टेंबर
डोळा तपासला. उजव्यात मोतीबिंदूची सुरुवात.
त्या माणसाला आता कुठल्या तोंडानं फोन करू? केला. हसला नाही बिचारा. "डाव्यानं बघायची सवय करा," म्हणाला.
डाव्यानं बघितलं की नाक मागच्या पट्टीवर दाबतं. दाबू दे. ह्यांना दारात उभं करून अर्धा दिवस रिंग फिरवली. शेवटी म्हणाले, "मी काय म्हैस हाय का?" चहा दिला, परत उभं केलं.

२० सप्टेंबर
तेरखेडा. सगळी तयारी करून गेले आणि गेटावरच अडकले. बबन मुकादम पिशवीत डोकावला.
"ताई, ह्यात सेल हाय का?"
"आहे की."
"मग आत न्हाय."
"अहो बबनराव, इतकी वर्षं येते मी!"
"त्यो बिनसेलचा व्हता, म्हणून सोडत व्हतो. आत मोबाईल न्हाय, सेल न्हाय, खिळ्याची चप्पल सुदिक न्हाय. तुमाला म्या काय सांगावं?"
खरंच, मला काय सांगावं. आत दारू भरतात हे काय मला माहीत नाही? बॅटरी उतरेल का, टिकेल का, एवढंच घोकत बसले, आणि बॅटरी आत नेता येणार नाही हे डोक्यातच आलं नाही. स्वतःचाच असा राग आला!
जेवणाच्या सुट्टीत काकू गेटावर आल्या. "काय गं, तोंड का पडलंय?"
सांगितलं.
"बरं झालं. नको बाई फोटोबिटो. कुणी बघत असलं की हात थांबतो माझा."
असं म्हणून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. रडू येत होतं, तरी खाल्ली.

२१ सप्टेंबर
हे म्हणतात, जुना कॅमेरा घेऊन जा, एक रोल आहे की कपाटात. आहे. पण परत तोच काळोख आणू घरी? नाही. आत नाही तर बाहेरून.

२५ सप्टेंबर
बबनला सरळ विचारलं, कुठपर्यंत येऊ देता? त्यानं शेडपासून लांब, अंगणात मारलेला चुन्याचा पट्टा दाखवला. "ह्याच्या अलीकडं काय बी करा. पल्याड पाय टाकायचा न्हाय."
पट्ट्यावरून शेडचं दार दिसतं. आत पार शेवटच्या कोपऱ्यात काकू. ती त्यांची जागा, कुणाला देत नाहीत. नुसत्या डोळ्यानं साडीचा पदरही कळेना. लांबची लेन्स लावली, डावा डोळा. काकूंच्या पुढ्यातला कागदी नळ्यांचा पांढरा ढीग तेवढा दिसला, त्याचीच दोन चित्रं एकावर एक बसवली. काढले फोटो. मग राहवेना, स्क्रीनवरची पट्टी काढली.
दिसतंय! नळ्या दिसतायत, घमेलं दिसतंय, नळी ठासणारी बोटं दिसतायत! रोलनं जन्मात दाखवलं नसतं. एवढ्या जोरात ओरडले की बबन धावत आला, काय झालं म्हणून.

२६ सप्टेंबर
कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. हात सुरेख. चेहरा सुटलाय, सगळ्यांत. साहजिक आहे, मी फोकस नळ्यांवर धरला होता आणि काकू मागं टेकून बसतात.
रोज जायचं.

४ ऑक्टोबर
रोज जातेय. चेहरा काही मिळत नाही. वाकल्या की अंधार, वर बघितलं की मान हलते. उजव्या डोळ्यापुढं धुकं, डाव्याला पाणी. सोडणार नाही.

७ ऑक्टोबर
संध्याकाळी काकूंच्या घरी. हाताचा फोटो दाखवला. पहिल्यांदाच बघितलं त्यांनी स्वतःला काम करताना. कॅमेरा जवळ नेला, लांब नेला.
"हे हात माझं?"
"तुमचेच."
"लई भरभर चालत असतील असं वाटतंय गं." मग म्हणाल्या, "आन् तोंड कुठाय माझं?"
"अंधारात. तेच मिळत नाहीये."
"हूं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. वाईट वाटलं. त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

११ ऑक्टोबर, सकाळ
काकूंचा कामाचा शेवटचा दिवस. दोन्ही बॅटऱ्या भरल्या. डोळ्यात औषध घातलं. स्क्रीनवर पट्टी परत मारली.
निघता निघता बबनचा फोन. वाटलं, आता पट्टाही बंद केला की काय.
"ताई, काकूंनी जागा बदलून मागितलीय. दाराजवळ. दिली म्या. लवकर या म्हणत्यात, ऊन दारात हाय तवर."
इतकी वर्षं तो कोपरा कुणाला दिला नाही बाईनं.
निघते.