शिट्टीच्या आधी

९ डिसेंबर

ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तू पाठवलेले बूट भिंगरीला नीट बसले. लेस मात्र दर आठवड्याला नवी लागते. गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, तुमची भाची वर्गात असते, पण हजर नसते." मी हसलो.

तिचं कोपर थोडं खरचटलंय. विशेष काही नाही.

डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, तेव्हा मीच तुला म्हणालो होतो, "माझ्या शाळेत पाठव. मैदानावर पळून पळून सगळं जिरेल." इतकी वर्षं पोरं पळवतोय, वाटलं, मला कळतं.

कोपराचं सांगतो. मंगळवारी नववीची गोळाफेक होती. भिंगरीला गोळे आणून द्यायला उभं केलं. चुळबुळ्या पोरांना काम दिलं की ती जागेवर राहतात, असं आम्ही पीटीवाले मानतो. एका दमात सांगून टाकलं: रेषेबाहेर थांब, गोळा पडू दे, शिट्टी झाली की जा, येताना कडेनं ये.

"कळलं?"

"हो मामा."

गोळा हवेत असतानाच ती धावली. मी किंचाळलो. तिनं वळून पाहिलं, अडखळली, पडली. गोळा तिच्या डोक्यापासून वीतभरावर मातीत रुतला.

उठून म्हणाली, "मी सगळ्यांच्या आधी पोचले!"

तुला लगेच कळवायची छाती झाली नाही. मोठ्या बाई म्हणतात, यापुढे तिला बाकावरच बसवा. आणि ताई, दिवसभरात तिला कुणी ओरडत नाही, असा माझा एकच तास आहे. तोही गेला तर ती कुठे जाईल?

काल शाळा सुटल्यावर तिला मैदानावर नेलं. रबरी चेंडू घेतला. तिच्यासमोर उकिडवा बसलो, तिनं माझ्याकडे पाहीपर्यंत थांबलो, आणि एवढंच म्हणालो, "शिट्टीपर्यंत इथे."

चेंडू फेकला. ती थांबली. मुठी आवळून, टाचा उचलून, पण थांबली.

चेंडू केव्हाच विसावला होता. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. शिट्टीतून नुसती हवा जात होती.

"मामा, वाजव ना!"

तू ये. तिला घेऊन जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण आधी एकदा मैदानावर उभी राहा आणि तिला थांबलेली बघ. शिट्टी तू वाजव. माझ्याच्यानं अजून होत नाही.

तुझा,
भ्यालेला भाऊ