देवाच्या गाडीला ग्रीस

वसुबारस
भाऊचं पार्सल धुळ्याहून एस.टी.ने आलं. रिमोटची मोटारगाडी, वापरलेली, ९०० रु. नवी बॅटरी ४५०. प्लॅस्टिकचे जादा गिअर दोन, १२०. पांढरं ग्रीस, डबी एक, १६०. पार्सलभाडं ६०. भाऊचं मोटर वाइंडिंगचं दुकान म्हणून इतक्यात झालं, असं हे म्हणतात. ग्रीसचे १६० मला जास्तच वाटले. अंगठ्याएवढी डबी. खोकं मजबूत आहे, पणत्या ठेवायला घेतलं.

धनत्रयोदशी
ह्यांनी गाडीचं वरचं टप काढून प्लायवूडचा रथ बसवला. वीतभर उंच. कळस पितळी बटणाचा. कार्तिकी एकादशीचा रामाचा मोठा रथ आपल्या गल्लीत शिरत नाही, बोळ अरुंद. म्हणून हा लहान रथ आपल्या दारातून निघून कोपऱ्यावरच्या दत्तापर्यंत जाणार. ज्या म्हाताऱ्यांना बाहेर पडवत नाही त्यांच्या दारी थांबणार.
लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, मोठ्या रथाच्या चाकाखाली मोगरी लावायला हेच. ती लाकडी मोगरी सारल्याशिवाय रथ थांबत नाही, वळत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालं, गेल्या वर्षी ओट्यावर बसून राहिले. रथ वाजतगाजत गेला. फराळाची ताटली तशीच परत आली.
देव्हाऱ्यातला लहान राम मागितला. हो म्हटलं.

नरक चतुर्दशी
पहाटे अभ्यंग. फराळाचं द्यायला समोर कांचनबाईंकडे. त्यांचं किराणा दुकान, मूळचे मारवाडचे, जैन. रथाचं सांगितलं तर आधी कौतुक केलं, मग म्हणाल्या, "भाभी, ग्रीसमध्ये चरबी असते. आमच्याकडे शटरलासुद्धा तेलच घालतात." चकली मात्र आवडली.
मनातून जाईना. डबी बाहेर चपलांच्या फळीवर ठेवून दिली. ह्यांना म्हटलं, राम बसणार त्या गाडीला निरांजनाचं तूप लावू.
"तुझा देव, तुझं तूप," म्हणाले.
चमचाभर साजूक. आतल्या गिअरना, बाहेरच्या मोठ्या गिअरलाही. खर्च देवाच्या तुपातच धरला.

पाडवा
ओवाळणी झाली. संध्याकाळी तालीम, राम न बसवता. दत्तापर्यंत गेला आणि आला. हे खुर्चीत बसून रिमोट चालवत होते, प्रत्येक दारापाशी पाय आपोआप पुढे सरकत होता, मोगरी सारल्यासारखा. मी पाहिलं.

भाऊबीज
सकाळी गारठा. तूप थिजलं. रथ कांचनबाईंच्या दाराशी खरखरला आणि थांबला. उघडलं तर तुपात गल्लीची सगळी धूळ, त्यात मुंग्या, आतल्या एका गिअरचे दात गेलेले. दुपारी जादातला एक कोरडाच बसवला. रथाचं वजन, तापून तोही गेला. आता एकच शिल्लक.
भाऊ दुकानामुळे येऊ शकला नाही. फोनवरच नमस्कार. तुपाचं सांगितलं. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन सदा मोठ्या आवाजावर. गल्लीने ऐकलं,
"ताई, तूपवर गाडी चालस का कोठे? बठ्ठा दात गयात ना?"
खूप हसला. मग नीट सांगितलं. बाहेरच्या उघड्या गिअरला काही म्हणजे काही लावायचं नाही, धूळ धरतो. आतल्या बंद गिअरना पांढरं, जवाच्या दाण्याएवढं. ट्रॅक्टरचं काळं नको, फार घट्ट, लहान मोटर दमते. चरबीचं विचारलं. म्हणाला, काहींत असते, काही एरंडेल तेलापासून करतात, ह्या डबीतलं माहीत नाही, वर लिहिलेलं नाही. "इतकं कोण ईचारस, ताई?"

का. शु. ४
हे सकाळपासून तो शेवटचा गिअर तळहातावर घेऊन बसलेले. जेवायला बसले तेव्हाही ताटाशेजारी ठेवला.
म्हणाले, "मोठ्या रथाच्या चाकाला हात लावून तू कपाळाला लावायचीस. ते काळं काय होतं?"
"वंगण."
"कशाचं?"
"मला काय माहीत."
"मलाही नाही. कोपरापर्यंत माखायचो." भाकरी मोडली. "तू सांगशील ते लावतो. नको म्हणालीस तर रथ काढत नाही."
रागावून नाही म्हणाले. तेच जड गेलं.
ती निळी साडी ट्रंकेत आहे. पदराला त्या चाकाचा डाग. रथाचा म्हणून कधी धुतली नाही.

का. शु. ५
डबी चपलांच्या फळीवरून काढली, पुसली, बैठकीच्या खिडकीत ठेवली. स्वयंपाकघरात नाही.
कांचनबाईंनी रथासाठी झेंडूची माळ ओवायला घेतलीय, बोटभर लांबीची. चरबीचं पुन्हा काढलं नाही.
तूप नाही, कोरडं नाही. गिअर एक. एकादशी तोंडावर.
आज भाऊला पत्र टाकलं. लिहिलं ते असं,

चि. भाऊस अ. उ. आ.
फोनवरचा नमस्कार हीच ओवाळणी समजते. पांढऱ्या ग्रीसची डबी जिथून घेतलीस तिथे, नाहीतर बनवणाऱ्यांना, विचार, त्यात जनावराची चरबी आहे की नाही. नसेल तर फोनवर सांग, हे ऐकतील, लगेच गिअर बसवतील. असेल तर फोन करू नकोस. ह्यांचे हात जन्मभर रथाच्या वंगणात होते, ते कशाचं होतं हे आता त्यांच्या कानावर जायला नको. मग काय लावायचं ते माझं मी बघेन. तेव्हा असेल तर फक्त मला, पाकीट चिकटवून, उलट टपाली कळव.