दोन ऑपरेशनांच्या मधे

प्रिय भिंगरी,

परवा तुझ्या आईचा फोन आला. ताईचं नेहमीचंच, आधी हवापाणी, मग शेजारपाजार, आणि मुख्य गोष्ट 'बरं, ठेवते' म्हटल्यानंतर. तेव्हा कळलं, की तू नोकरी सोडायची म्हणतेस. ऑपरेशन थिएटरं दिवसभरात खरोखर किती वेळ कामात असतात आणि किती वेळ नुसती दिवे लावून बसतात, हे मोजायचं काम तुला नकोसं झालंय. तू चहाच्या खोलीत शिरलीस की गप्पा बंद पडतात म्हणे. आणि त्या मोठ्या सर्जननं सगळ्यांसमोर ऐकवलं, "आम्ही माणसं शिवतो बाई, कपडे नाही." तू घरी येऊन रडलीस हे ऐकून माझा जीव तुटला. मग त्या सर्जनचा असा राग आला, की विचारू नकोस. गॅसवरची भाजी करपली.

तू लहानपणी डोळे मिटून माझ्या हातांच्या वासावरून मला ओळखायचीस. स्पिरिट आणि साबण. मी थिएटर सिस्टर होते तेव्हाचं थिएटर तुला आता सांगूनही पटणार नाही. हातमोजे एकदा वापरून टाकायची चैन नव्हती. ते धुवायचे, पाणी भरून कुठे भोक नाही ना ते बघायचं, दोरीवर वाळवायचे आणि पावडर लावून जोड्या जुळवायच्या. आमचे थोरले सर्जन टाके घालताना गुणगुणायचे. गुणगुणणं थांबलं की आम्ही सगळ्या श्वास रोखायचो. आणि दोन ऑपरेशनांच्या मधे, फरशी पुसून वाळेपर्यंत, चहा! काय हसायचो गं आम्ही त्या कोपऱ्यातल्या खोलीत. फरशी कधीच वाळून जायची, तरी उठायचं कोणी नाव घेत नसे. आयुष्यात इतकी सुखात मी फार थोड्या ठिकाणी होते.

कपडे शिवण्यावरून आठवलं. आमच्याकडे एक शिंपीकाका यायचे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. साधं ऑपरेशन, म्हणून नाव यादीत कायम तळाला. सकाळपासून उपाशी, पाण्याचा घोटही नाही, अंगात हॉस्पिटलचा झगा. दिवस कलला की मी बाहेर जाऊन सांगायची, "काका, आज नाही जमणार." दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सिस्टर, या झग्याची शिवण उसवलीय." पुढच्या वेळी आले ते सुईदोरा घेऊनच, आणि बाकावर बसून झगा शिवूनही टाकला. तरी त्या दिवशीही त्यांना परत जावं लागलं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर खडूनं लिहायला लागले, पेशंट आत कधी आला, बाहेर कधी गेला, पुढचा कधी आला. घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच दिसलं. ऑपरेशनं लांबत नव्हतीच. सकाळचं पहिलं सुरू व्हायला उशीर, आणि मग आमचे ते लाडके चहा. माझं नाव 'हेडमास्तरीण' पडलं. मैत्रिणी फुगून बसल्या. थोरले सर्जन कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होते, आणि मग एका सकाळी बघते तो सगळ्यांच्या आधी येऊन हात धूत उभे. शिंपीकाकांचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. चहा आम्ही नंतर प्यायलो, आणि हसलोही पूर्वीसारखंच. तेव्हा मैत्रिणींचं मनावर घेऊ नकोस, त्या येतात परत.

एक मात्र सांगते, नुसत्या टक्क्यांवर भुलू नकोस. गेल्या मंगळवारचं तुमचं दोन नंबरचं थिएटर तक्त्यात काढून बघ. दिवसभर भरलेलं दिसेल, टक्केवारी अगदी झकास. पण पहिला पेशंट आत गेला तोच उशिरा, त्यामुळे सगळंच पुढे ढकललं गेलं आणि शेवटची केस रद्द झाली. तुझ्या तक्त्यात तिथे फक्त नंबर असेल, नाव नसेल.

ती शेवटची पेशंट मी होते. पित्ताशयात खडे झालेत. ताईला बोलले नाही, आणि तुला तर मुद्दामच नाही, कारण तू माझं नाव वर सरकवलं असतंस आणि दुसरं कोणीतरी तळाला गेलं असतं. थिएटरच्या दाराबाहेर स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला आतलं सगळं कळत होतं, बादली कधी फिरली, हत्यारं कधी मोजली, कप कधी वाजले. आज आपलं होत नाही हे मला दुपारीच समजलं. शेवटी एक पोरगेली नर्स आली आणि मान खाली घालून पुढची तारीख सांगून गेली. शेजारीण सोबत होती, म्हणून रस्ताभर हवापाण्याचं बोलत आले, घरी येऊन मात्र रडले. मी घाबरलेय गं. इतकी वर्षं दुसऱ्यांना धीर दिला, पण स्वतःसाठी गोळा केलेला धीर त्या एका दिवसात संपला. येत्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय, आणि नाव पुन्हा तळालाच आहे. ते वर घेऊ नकोस, तुला माझी शपथ. फक्त त्या सकाळी, पहिल्या पेशंटच्या वेळेला, तू दोन नंबरच्या दारात जाऊन उभी राहा. कोणी काहीही म्हणो, हलू नकोस. राजीनामा द्यायचाच असेल, तर बुधवारी दे.

तुझीच,
मावशी