दोन तारा कमी

आई, आज मी पाच तारांची बेस गिटार घेतली. तू असतीस तर लगेच बोटांवर मोजून म्हणाली असतीस की दोन कमी होत्या, त्यातली एक आली, आता एकच राहिली. म्हणून आधीच सांगते, हा तसला हिशेब नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या नव्या गायिकेचा आवाज खालच्या पट्टीतला आहे. तिच्या पट्टीत वाजवायला गेलं की चार तारांवर खालचे सूर संपतात आणि मला वरच्या सुरांवर चढून वेळ मारून न्यावी लागते. पाचवी तार त्याहून खालची, जाड, जवळजवळ दोरीच. बेस गिटार सहा तारांचीही मिळते, हे मात्र मी तुला मुद्दाम कधी सांगितलं नाही. उगाच आशा धरून बसली असतीस.

दुकान तेच, उल्हासनगरचं. शेठ आता नाहीत, त्यांची सून गल्ल्यावर बसते. तीन गिटारी वाजवून पाहिल्या. पहिलीचा आवाज गोड, पण गळ्यात अडकवली की तिची दांडी जमिनीकडे झुकायची आणि डावा हात वाजवायचं सोडून तिलाच सावरत बसायचा. दुसरी दिसायला नवरीसारखी नटलेली, पण तारा दांडीवरच्या पट्ट्यांवर खरखरत होत्या. तिसरी रूपाने सुमार, वजनाला हलकी आणि दांडी जरा अरुंद. माझे हात तुझ्यावर गेलेत, बोटं आखूड, रुंद दांडी मला झेपत नाही. तिसरीच घेतली. सुनेने ती पिशवीत घालता घालता विचारलं, शुरू से बेस ही बजाते हो क्या मॅडम? मी हो म्हटलं, आणि रिक्षात बसल्यावर तुझी इतकी आठवण आली की घरी येईपर्यंत कुणाचा फोन घेतला नाही.

कारण सुरुवातीला बेस माझ्या स्वप्नातही नव्हती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बारावी झाल्यावर मी गिटार मागितली होती, नुसती गिटार, सगळ्या मुली मागतात तशी. तू तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचीस. भिशी लागली त्या दिवशी कामावरून परस्पर उल्हासनगर गाठलंस, एकटीने, आणि दुकानात शिरून म्हणालीस, बेस गिटार द्या. बारवीकडच्या तुमच्या पाड्यावर चांगल्याला बेस म्हणतात. भात बेस झाला, जावई बेस मिळाला, तशी बेस गिटार. शेठने बेस गिटार दिली. तू ती चादरीत गुंडाळून, तान्ह्या पोराला आणावं तशी छातीशी धरून आणलीस आणि पिठाचा डबा बाजूला सारून ओट्यावर ठेवलीस. मी चार तारा पाहिल्या, साध्या गिटारीला सहा असतात, आणि तरी ती उचलून मांडीवर घेतली. ती विजेवर चालणारी, अॅम्प्लिफायरला जोडल्याशिवाय तिला आवाज नाही, आणि तो आपल्या घरात कुठला? आठवडाभर मी तिच्यावर नुसती थडथड केली आणि तू कणीक मळताना त्या थडथडीवर मान डोलावलीस.

घोटाळा उघडा पाडला मामाच्या मुलाने. तो पाड्यावरच्या बेंजो पार्टीत वाजवायचा, म्हणजे तुमच्या घराण्यातला जाणकार. घरी आला, गिटार उलटीपालटी केली आणि म्हणाला, आत्या, दोन तारा कुठं सांडल्यास? तो हसला, मीही हसले. तू हसली नाहीस. तो गेल्यावर तू भाकरी थापायला बसलीस आणि पाठमोरीच विचारलंस की चुकीची आनली का मी. मी नाही म्हटलं. तेव्हा तू वळलीस, हात पिठाने भरलेले, आणि मला झापलंस, "खोटं नको बोलू, बाय. खोटं बोलायला शिकावं म्हनून नाय आनली ती."

पुढच्या सुट्टीला आपण दोघी ती घेऊन दुकानात गेलो. शेठ भला माणूस. तू तोंड उघडायच्या आधीच त्यांनी ओळखलं. म्हणाले, "बहनजी, मी दोनदा विचारला होता, बेसच पाहिजे ना? तुम्ही बोलले, हां शेठ, एकदम बेस." दुकानातला नोकर फिसकन हसला आणि तुझे कान लाल झाले. शेठने त्याला दटावलं आणि काही हरकत नाही, बदलून देतो, म्हणत भिंतीवरची सहा तारांची उतरवली. मधाच्या रंगाची होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, ही एकदा जोडून तर बघू. त्यांनी आपली चार तारांची अॅम्प्लिफायरला जोडली. मी सगळ्यात जाड तार छेडली आणि भिंतीवरच्या खंजिऱ्या आपोआप वाजल्या. काउंटरची काच थरथरली. तू दचकून दोन पावलं मागे सरलीस आणि मग हळूच पुढे येऊन त्या खोक्यावर तळवा टेकवलास. मी म्हटलं, हीच राहू दे, मला हीच हवी आहे.

"माझ्या तोंडाकं बघून बोलू नको," तू म्हणालीस.

नाही गं, मनापासून सांगतेय, असं मी म्हटलं, आणि तिथून पुढे तुझं आयुष्य सरेपर्यंत म्हणत राहिले. तू कधीच विश्वास ठेवला नाहीस. हट्ट म्हणजे काय तो तुझ्याकडून शिकावा. नातेवाइकांत बसलीस की माझ्या अडाणीपणापायी पोरीला चार तारांवर भागवावं लागतं, असं सांगायचीस. एकदा तर खरंच दोन सुट्या तारा विकत घेऊन आलीस आणि मला म्हणालीस, बसव कुठंतरी. मी हसून हसून लोळले. तू त्या देवळीत ठेवून दिल्यास.

आपल्या मांजर्लीच्या घरात नदीचं पाणी शिरलं तो दिवस मला अजून दिसतो. पाणी उंबऱ्याशी आहे, शेजारी सिलिंडर आणि गाद्या वर नेतायत, आणि तू गिटार डोक्यावर घेऊन जिना चढतेयस. मी खालून ओरडतेय की आधी तांदूळ उचल, आई, तांदूळ. तू ऐकत नाहीस. तांदूळ भिजलाच. नंतर आपण दोघी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो, गिटार मध्ये, आणि तू तिच्यावरचे थेंब पदराने टिपत म्हणालीस, चुकीची का असंना, तुझी हाय. तेव्हाही मी म्हटलं, चुकीची नाही. तू थेंब टिपत राहिलीस.

माझे कार्यक्रम बघायला तू आलीस ती दोनदाच. पहिल्यांदा बेलवलीच्या हळदीला. परत येताना म्हणालीस, सगळी वाजवत होती, तू नुसती उभी होतीस, तुझा आवाज कंचा ते मला कळलाच नाय. तुला फार वाईट वाटलं होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या चुकीसाठी. दुसऱ्यांदा अंबरनाथला, जयंतीच्या कार्यक्रमाला आलीस. दोन कडव्यांच्या मध्ये माझ्या केबलने दगा दिला आणि गिटार मुकी झाली. ऑर्केस्ट्रा चालूच राहिला, लोक नाचत राहिले, कुणाला काही कळलं नाही. निदान मला तसं वाटलं. पण कार्यक्रम संपल्यावर तू मंडपामागे आलीस आणि विचारलंस, मधेच गाणं पोकळ का झालं? मी केबल दाखवली. मला वाटलं, सुटले एकदाची, आता तरी हिला पटेल. आनंदाने सांगत सुटले की बघ, मी नसले तर कसं होतं ते. तू सगळं ऐकून घेतलंस, आणि म्हणालीस, "तू त्यांना लागतेस, ते समजलं मला. तुला ती लागते का?"

मी लागते म्हटलं. फार पटकन म्हटलं बहुतेक.

तुझ्या शेवटच्या दिवसांत मावशी तुझ्या उशाशी असायची. दिवसकार्य उरकल्यावर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या तोंडी शेवटपर्यंत एकच होतं, पोरीला सहा तारांची घ्यायची राहिली. घर, दागिने, माझं लग्न, सगळं सोडून ही एकच गोष्ट तू बरोबर घेऊन गेलीस. मला तुझा राग आला, आई. खरंच आला. इतकी वर्षं सांगून माणसाने एवढंही मनावर घेऊ नये? आणि रागाच्या खाली जे होतं, ते अजून तसंच आहे. म्हणून आज लिहायला बसले की एकदाचं तुला पटवून द्यावं.

पण वर लिहिलेलं दुकानातलं सगळं पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की एक गोष्ट मी इथेही गाळली आहे. खंजिऱ्या वाजल्या हे खरं, काच थरथरली हे खरं. पण माझा डोळा त्या मधाच्या रंगाच्या सहा तारांच्या गिटारीवरच होता. तिच्याकडे हात करणार इतक्यात मी तुझ्याकडे पाहिलं. तुझे कान अजून लाल होते आणि तू त्या नोकराकडे पाठ करून उभी होतीस. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, हीच हवी. तू बरोबर ओळखलं होतंस. एकटी तूच बरोबर होतीस.

आवड नंतर लागली. कधी, ते सांगता येत नाही. हळदी वाजवता वाजवता, ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघता बघता, कुणी ऐकत नसताना लागली, आणि इतकी लागली की आता कुणी फुकट दिली तरी सहा तारांची साधी गिटार मी हातात धरणार नाही. हे सगळं तुला मी केव्हाही सांगू शकले असते. मांजर्लीच्या त्या पायरीवर सांगता आलं असतं, मंडपामागे सांगता आलं असतं. लोक म्हणतील, आईचं मन दुखू नये म्हणून मुलगी गप्प राहिली. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. पण तुला मी ओळखते. तू पहिलं अर्धंच, मला तेव्हा सहा तारांची हवी होती एवढंच, ऐकलं असतंस, पायात चप्पल सरकवली असतीस आणि गिटार उचलून थेट उल्हासनगर गाठलं असतंस. आणि आई, मला ती परत द्यायची नव्हती.