माझं पोर्टो

हर्नडन, व्हर्जिनिया
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय उत्तरा,

आशीर्वाद. तू साठी ओलांडलीस तरी मी पाच वर्षांनी मोठीच आहे, तेव्हा ते तुला घ्यावेच लागणार. आम्ही इकडे ठीक. ठीक म्हणजे काय, वरच्या मजल्यावरचा एसी बंद पडलाय आणि माणूस गुरुवारी येणार. नरेंद्रचा गुडघा कुरकुरतोय, आणि गुडघ्यापेक्षा जास्त तो स्वतः कुरकुरतोय. डेकवरच्या मिरच्या खारींनी खाल्ल्या. अनयाचा फोन आठवड्यातून एकदा येतो, तोही ती ड्राइव्ह करत असताना. आईसाठी वेगळा वेळ काढला असं व्हायला नको ना!

ताई आणि कागदावर पत्र, असं तुला वाटेल. हो बाई. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर त्या निळ्या खुणा दिसल्यापासून तुझं उत्तर येईपर्यंत माझा जीव जाईल.

परवा तू सांगितलंस की तीस तारखेला आमच्या मंडळाच्या गणपतीला येतेयस, तिकीटसुद्धा काढलंस. सनीव्हेलहून इतक्या वर्षांत कधी फिरकली नाहीस, आणि नेमकी याच वर्षी? मी "अगं बाई, किती छान!" म्हणाले. ते खोटं होतं. फोन ठेवला आणि अर्धा तास सिंकपाशी नुसती उभी राहिले. हिला कळलं, म्हणूनच येतेय, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

का ते सांगते. पण आधी मला जरा भांडू दे.

उत्तरा, मी तुझ्यावर जळते. आजची नाही, वीस वर्षं जळतेय. तू पहिल्यांदा पोर्तुगालात, पोर्टोला गेलीस तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. कामासाठी गेली, चार दिवस राहिली, लोक जातात. पण तू परत गेलीस. मग पुन्हा गेलीस. त्याच गावात, त्याच बाईच्या घरातल्या त्याच खोलीत. पुढे इटलीतलं त्रिएस्ते धरलंस, तिथेही सहा वेळा. पोर्टो तर नऊ. तू लिहिलं होतंस, "पहिल्या वर्षी नकाशा हातात होता, तिसऱ्या वर्षी खोलीवरच विसरले, पाचव्या वर्षी एका जपानी बाईंना मी वाट सांगितली, आणि ती बरोबर निघाली!" ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकेचाळीस वर्षं हर्नडनमध्ये आहे आणि कोस्टकोच्या पार्किंगमध्ये माझी गाडी मला अजून सापडत नाही.

मीही युरोप पाहिलाय, बरं का. एकोणीस वेळा. फ्रँकफर्ट एअरपोर्ट, ट्रान्झिट, सहा सहा तास. दोन्ही हातांत बॅगा, एका बॅगेत सासूबाईंच्या गोळ्या, दुसरीत दिरांच्या मुलांचे बूट. आमच्या सगळ्या सुट्ट्या इंडियात गेल्या. नोकरीतले पंधरा दिवस जमवायचे, आणि ते चुलत-मावस सगळ्यांत वाटून टाकायचे, कुणी रुसायला नको. एकदा फ्रँकफर्टला काचेपलीकडे पाऊस पडत होता आणि एक बाई छत्री न उघडता सायकलवरून चालली होती. मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की नरेंद्र म्हणाला, "ओळखीची आहे का गं?" एवढाच माझा युरोप.

तुला ना सासू, ना दीर, ना कुणाच्या मुंजी. तुझे पंधरा दिवस तुझे. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

आता ऐक मी काय केलंय ते.

आमच्या पद्मजाताईंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, साडेपाच वर्षांपूर्वी. आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं. पद्मजाताई दहा दिवसांत आठ देश करून आल्या होत्या, टीव्हीवर फोटो दाखवत होत्या, आणि प्रत्येक फोटोत बस. मला राहवलं नाही. म्हटलं, "असं धावत काय बघायचं? एकाच गावात परत परत जावं. चौथ्या वर्षी बेकरीवाली आपल्यासाठी एक पेस्ट्री बाजूला काढून ठेवते, तेव्हा गाव आपलं होतं." हे तुझं वाक्य. अदिती म्हणून एक नवी मुलगी आहे, तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही कुठे जाता?" माझ्या तोंडून गेलं, "पोर्टोला."

एकदा गेलं ते गेलं. मग पुलाच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि शेजारून माणसं चालतात ते सांगितलं, स्टेशनातल्या निळ्या फरशा सांगितल्या, त्रिएस्तेला काचेच्या एवढ्याशा ग्लासात कॉफी देतात ते सांगितलं. वारा सुटला की माणसांना चालता यावं म्हणून पूर्वी रस्त्याकडेनं दोर बांधत, तेसुद्धा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. आणि खरं सांगू का, मजा आली. त्या दिवशी मला दोनदा तिळगूळ मिळाला.

नरेंद्रला कुणीतरी विचारलं, "तुम्ही नाही जात यांच्याबरोबर?" मला वाटलं, संपलं. हा म्हणाला, "मला तिथले चढ झेपत नाहीत हो." घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. आजपर्यंत बोलला नाही. त्याऐवजी रागावला असता तर बरं झालं असतं.

या वर्षी स्मरणिकेचे संपादक चारुदत्त देव हात धुऊन मागे लागले, "मालिनीताई, लिहाच." मी लिहिलं. 'माझं पोर्टो', पाच पानं. तेवढ्यावर भागलं नाही. तीस तारखेला दुपारी अथर्वशीर्षानंतर वीस मिनिटं माझं भाषण ठेवलंय, स्लाइड्ससकट. फोटो कुठले? तू पाठवलेले. फ्लायर सगळ्यांना गेलाय, त्यावर मी पैठणी नेसून आणि मागे तुझी नदी. अनयानं तो बघितला आणि म्हणाली, "आई, दॅट इज लिटरली प्लेजरिझम." मी म्हटलं, मावशीचं काय नि माझं काय, एकच. ती म्हणाली, "देन टेल हर." आणि पोरीनं फोन ठेवला.

त्या हॉलमध्ये तू बसणार.

इथपर्यंत शुक्रवारीच लिहून झालं होतं. एवढंच असतं तर फोनवर बोलले असते, तू हसली असतीस, "ताई, तू पण ना यार!" म्हणाली असतीस, आणि मिटलं असतं. तू एवढी काही वाईट नाहीस. पण ही पानं दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडून होती, कारण खरं ते यात नव्हतंच. आज वरची तारीख बदलून पुढे लिहायला बसलेय.

पोर्टो मी पहिल्यांदा पद्मजाताईंकडे चोरलं नाही. सांगलीला चोरलं.

तुला आठवतं, आपल्याकडे पत्र आलं की जेवायच्या आधी मोठ्यानं वाचायचं? दादांचा नियम. पत्र एकाला आलं तरी घराला आलं. मी रिटायर होऊन सांगलीला आईजवळ महिने महिने राहायला लागले तेव्हा तिला दिसत नव्हतं, फोनवरचं ऐकू येत नव्हतं. तुझं पत्र आलं की मीच वाचायची. मी तिला पेज भरवायची, पाय चेपायची, अंथरूण बदलायची, आणि ती भिंतीकडे बघत असायची. पण "उत्तराचं पत्र आलंय" म्हटलं की चेहरा कसा फुलायचा! पुलावर फुलायचा, पेस्ट्रीवर फुलायचा. मी इथे हाडं झिजवते आणि कौतुक कुणाचं, तर जी तिकडे नदीकाठी कॉफी पिते तिचं.

मग आईचं विसरणं वाढलं. एके दिवशी पत्र वाचून झाल्यावर तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "तू गेली होतीस ना गं तिथे?" मी हो म्हटलं. "माझी पोर किती हिंडली," म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. उत्तरा, तिनं माझ्याकडे असं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. निदान मला तरी आठवत नाही.

त्यानंतर प्रत्येक पत्र मी माझं म्हणून वाचलं. "तुझी उत्तरा" आलं की थांबायची. ती विचारायची, "उत्तराचं काही पत्र?" मी सांगायची, "नाही." एकदा नाही, कितीतरी वेळा. एकदा म्हणाली, "तिला वेळ नसेल." मी म्हटलं, "नसेल."

आणि मग त्या जानेवारीत तू आलीस. आईनं तुला "तुम्ही कुणाच्या?" विचारलं. तू न्हाणीघरात नळ सोडून रडलीस. मला बाहेर ऐकू येत होतं. मी आत आले नाही. तू मला म्हणालीस, "ताई, तिला मी आठवतच नाही," आणि मी म्हटलं, "वय झालंय तिचं." विसरली असती ती कदाचित, माझ्या खोटेपणाशिवायही विसरली असती. डॉक्टर हेच म्हणाले असते. पण त्या विसरण्याला माझाही हात लागला होता, आणि ते मला माहीत होतं. तू गेलीस ती थेट त्रिएस्तेला. लोक नावं ठेवत होते, आई अशी आणि ही तिकडे फिरते. मी एका शब्दानं तुझी बाजू घेतली नाही.

आता सगळ्यात कठीण ते. तू गेल्यावर तीन आठवड्यांनी तुझं त्रिएस्तेचं पत्र आलं. मी नेहमीसारखं माझं म्हणून वाचायला घेतलं. "काल इथे बीन्स आणि आंबट कोबीचं सूप खाल्लं, वर कच्चं तेल घातलं तर आपल्या आमटीच्या वरताण होईल..." एवढंच वाचलं होतं. आई म्हणाली, "हे तुझं नाही. उत्तराचं आहे."

मी म्हटलं, "नाही गं आई."

"उत्तराच. ती सहलीहून आली की आधी काय खाल्लं ते सांगते, मग गाव. तू आधी तक्रार सांगतेस." आणि हसली. मग म्हणाली, "तिला लिही, लवकर ये म्हणावं."

मी लिहिलं नाही. फोनही केला नाही. आई अकरा दिवसांनी गेली.

आवराआवर करताना तू विचारलंस, "माझी पत्रं होती ना तिच्याकडे?" मी म्हटलं, रद्दीत गेली असतील. गेली नाहीत. तेवीस आहेत. माझ्या कपाटात, शालूच्या घडीत. तू नवऱ्याशिवाय, सासरशिवाय, कुणालाही न विचारता जगलीस त्याच्यावर मी जळले असेन, पण खरी जळले ती त्या एका गोष्टीवर. पोर्टो मी तुझ्याकडून घेऊ शकले. आईचं ते फुलणं घेता आलं नाही. सगळं विसरलेल्या बाईला तुझं सूप आठवलं. आजही लिहिताना जळतेय, आणि लाज वाटते म्हणून ते थांबत नाही.

या पाकिटाबरोबर एक खोका येईल. त्यात बावीस पत्रं आहेत. चारुदत्तांना आज सकाळी फोन करून सांगितलं की लेखावर नाव उत्तराचं घाला, छपाई पंधराला आहे. ते गोंधळले, "म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत?" मी म्हटलं, "फ्रँकफर्टपर्यंत." पद्मजाताईंना संध्याकाळपर्यंत कळेल, आणि उद्या सकाळपर्यंत अख्ख्या नॉर्दर्न व्हर्जिनियाला. नरेंद्र शेजारीच बसला होता. मी फोन ठेवल्यावर उठला आणि गुडघा धरत चहा टाकला.

वीस मिनिटं तुझी आहेत. बोलायची असतील तर बोल. तिकीट कॅन्सल केलंस तर मी दोष देणार नाही. हे खोटं. देईन, पण मनातल्या मनात.

तेविसावं पत्र मी ठेवून घेतलंय. सुपाचं. तू आलीस तर जेवायच्या आधी ते मोठ्यानं वाचेन, शेवटच्या ओळीपर्यंत, "तुझी उत्तरा" सकट. आईनं तुला बोलावलं होतं, उत्तरा. तो निरोप साडेसहा वर्षं माझ्याकडे अडकला होता, आणि आज पोचवतेय.

सुरुवातीला एसी, गुडघा आणि खारी आल्याच बघ. आई दोघींनाही ओळखून होती.

लवकर ये.

पोर्टोला कधीच न गेलेली,
तुझी ताई